दारचा कावळा आणि रस्त्यावरचा माणूस

कावळ्याला आपण वर्षातून पंधरा दिवस मान देतो. पितृपक्षात पान वाढून अंगणात ठेवायचे, काव काव करून घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारायच्या आणि तो पानाला शिवला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पंधरवडा सरला की तोच कावळा वाळवणावर उतरला म्हणून त्याच्या मागे काठी घेऊन धावायचे. हा आपला न्याय!

मंडळी, आज हे सुचले त्याला कारण आहे आमचा धाकटा नातू. दसऱ्याच्या आधी घर झाडून, सारवून, ओसरीच्या भिंतीला चुना दिला होता. दोन दिवस नाही झाले, तोच पठ्ठ्याने चुलीतला कोळसा घेतला आणि त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर चांगले सात-आठ कावळे काढून ठेवले. मी मळ्यातून आले, पाहिले आणि माझे डोके फिरले. "अभ्यास नको, काम नको! आणि काढून काढून काढलेस काय, तर कावळे? मोर काढला असतास तरी एक वेळ चालले असते," असे म्हणून पाठीत एक धपाटा घातला आणि ओल्या फडक्याने भिंत पुसून टाकली.

पोर रडले नाही. एवढेच म्हणाले, "आजी, त्यातला एक आपला लंगडा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचा तुकडा टाकला आणि नीट पाहिले. खरेच, रोज दारात येणाऱ्या कावळ्यांपैकी एकाच्या डाव्या पायाची बोटे आखडलेली. तो एका पायावर उडी मारीत येतो. किती दिवस मी त्याला तुकडा टाकते आहे, पण माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. दहा वर्षांच्या पोराने ते पाहिले होते, काढलेही होते आणि मी ते पुसून टाकले होते.

तेव्हा मला आर. के. लक्ष्मण यांची आठवण झाली. वर्तमानपत्रातला तो चौकड्यांचा कोट, धोतर आणि चष्मा घातलेला टकला 'कॉमन मॅन' तुम्ही पाहिला असेलच. त्याचे जन्मदाते हे लक्ष्मण. जन्म 1921 सालचा, म्हैसूरचा. वडील हेडमास्तर आणि हे घरातले शेंडेफळ. लिहिता-वाचता येण्याआधीपासून हे पोर घरच्या भिंती, जमिनी आणि दारे रंगवीत असे. पुढे त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत सांगितले आहे, की खोलीच्या खिडकीतून जे दिसेल ते मी काढत असे : वाळक्या काटक्या, पाने, सरपटणारे जीव, लाकडे फोडणारा गडी आणि समोरच्या छपरांवर नाना तऱ्हांनी बसलेले कावळे. तिथे मोर नव्हते आणि राजवाडेही नव्हते. दाराबाहेर जे होते तेच कागदावर.

शाळेत एकदा मास्तरांनी मुलांना झाडाचे पान काढायला सांगितले. लक्ष्मणांनी पिंपळाचे पान काढले. मास्तर वहीजवळ थबकले, तेव्हा पोराला वाटले, आता मार बसणार. मास्तरांनी मात्र पाठ थोपटली, पैकीच्या पैकी गुण दिले आणि तू मोठेपणी चित्रकार होशील असे सांगितले. हा प्रसंग लक्ष्मण जन्मभर विसरले नाहीत. धपाटा आणि पाठ थोपटणे, दोन्हींना हात तोच लागतो. पण पोराला त्यातले काय पुरते, ते पाहा.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. चित्रकला शिकायला म्हणून त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे अर्ज केला, सोबत चित्रे पाठवली. तिथून उत्तर आले, की आमच्या संस्थेत प्रवेश मिळण्याजोगे गुण तुमच्या चित्रांत दिसत नाहीत. दुसरा कोणी असता तर कुंचला मोडून टाकला असता. यांनी म्हैसूरला बी. ए. केले, चित्रे काढणे सोडले नाही. मग मुंबई गाठली आणि 1947 साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त लागले. तिथे त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे काढली. ज्या संस्थेने दार लावून घेतले होते, तिनेच पुढे त्यांना पाहुणे म्हणून बोलावले.

लक्ष्मण व्यंगचित्रांत काय काढत? तर रस्ता! खड्डे, रांगा, फूटपाथवर झोपलेली माणसे, गळके छप्पर, लोंबकळणाऱ्या तारा, कचऱ्याची पेटी, तिच्यावर कुत्रा आणि वर बसलेला कावळा. खेड्याचे चित्र असले तर पडकी घरे, उघडीवाघडी पोरे आणि मधोमध आश्वासने देणारे पांढऱ्या कपड्यांतले पुढारी. आपण रोज पाहतो आणि पाहून न पाहिल्यासारखे करतो, तेच सगळे.

'कॉमन मॅन'च्या जन्माची हकीकतही गंमतीची आहे. सारा देश चित्रात यावा म्हणून आधी ते बंगाली, पंजाबी, मद्रासी, मराठी अशी निरनिराळ्या पेहरावांतली माणसे काढत. पण वर्तमानपत्राची घाई. छपाईची वेळ आली की एवढी गर्दी काढायला सवड कुठली? एकेक माणूस गळत गेला आणि 1951 च्या सुमारास शेवटी एकटाच उरला. तो कधी तोंड उघडत नाही. सगळे पाहतो, ऐकतो आणि गप्प राहतो. त्याची बायको मात्र रोखठोक बोलते! ह्या मुक्या माणसाच्या चित्रांबद्दल लक्ष्मणांना 1984 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईत वरळीच्या समुद्रकाठी आणि पुण्यात त्या माणसाचे पुतळे उभे आहेत. पुतळे राजांचे असतात, पुढाऱ्यांचे असतात. रस्त्यावरच्या साध्या माणसाचा पुतळा विरळाच.

आणि मन रमवायला ते काय काढत? पुन्हा कावळेच. कामातून सवड मिळाली की त्यांनी कावळ्यांची चित्रे रंगवली. फांदीवरचे, कुंपणावरचे, भांडणारे, मान वाकडी करून विचारात पडलेले. त्यांची प्रदर्शनेही भरली. कावळाच का, असे लोक विचारत. लक्ष्मणांचे म्हणणे सरळ होते. बागेतले हिरवे पक्षी पानांत लपतात, पण कावळा हिरव्या झाडावर, निळ्या आभाळावर, तांबड्या मातीवर कुठेही उठून दिसतो. शिवाय पाखरांत तो हुशार.

आता शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. मानेला राखी पट्टा असतो तो आपला गावकावळा; अंगभर काळा आणि जाड चोचीचा तो डोमकावळा. गावकावळ्याला शास्त्रज्ञांनी 1817 साली जे लॅटिन नाव दिले, त्यातल्या 'स्प्लेंडेन्स' या शब्दाचा अर्थ चकाकणारा, देखणा असा आहे. सकाळच्या उन्हात त्याचे पंख निरखा. काळ्यात निळी-जांभळी झाक दिसेल. नांगर चालू झाला की साळुंक्या, बगळे यांच्याबरोबर तोही तासामागून चालतो आणि उघडी पडलेली हुमणी टिपतो. म्हशीच्या कानातली गोचीड तो काढतो. कोकिळेची अंडी उबवून तिची पोरेही वाढवतो. उगवते दाणे उपटतो आणि कोंबडीची पिल्ले उचलतो, हेही खरे. त्याला साधू ठरवायचे नाही. पण त्याच्याकडे नीट पाहायला काय हरकत आहे?

2003 साली लक्ष्मणांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. उजवा हात शाबूत होता. त्या हाताने ते पुढेही रेषा ओढत राहिले. 26 जानेवारी 2015 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मंडळी, घरोघरच्या पोरांनी लक्ष्मण व्हावे, असे मी म्हणत नाही. पण ज्या पोराला लंगडा कावळा ओळखू येतो, त्याला उद्या पिकावरची कीड वेळेवर दिसेल, आजारी वासराची मान दिसेल, गप्प बसलेल्या आईचा चेहराही दिसेल. पाहता येणे ही शेतकऱ्याची अर्धी विद्या आहे. तेव्हा भिंत नको असेल तर जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठी द्या, एक पेन्सिल द्या. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना विचारून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवा. आणि काढलेले चित्र पाहून 'हे कशाला' असे विचारू नका. 'हा कोण' असे विचारा. पोर सांगू लागेल.

मी जुन्या दिनदर्शिकेची पाने त्याच्या दप्तरावर ठेवली. तीन दिवस त्यांना हात लागला नाही. मोठ्यांनी पुसलेले पोरांच्या मनातून लवकर पुसले जात नाही. चौथ्या दिवशी मी भाकरीचा तुकडा त्याच्याच हातात दिला आणि म्हटले, "तुझ्या लंगड्याला तूच घाल."

तो ओसरीच्या पायरीवर बसला. कावळा आला. पोर बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. मग उठून आत गेले आणि पेन्सिल कुठे आहे म्हणून विचारू लागले.