परीक्षेआधीची परीक्षा

मुख्य परीक्षेला बसण्याआधीच एक परीक्षा द्यावी लागली तर? १९९१ मध्ये एडी जॉर्डन या आयरिश गृहस्थांच्या नव्या संघावर हीच वेळ आली. फॉर्म्युला वनमध्ये तेव्हा गाड्या फार, जागा थोड्या. म्हणून नव्या आणि मागे पडलेल्या संघांची शुक्रवारी सकाळीच चाचणी व्हायची. नापास झालात, की गुंडाळा गाशा!

गॅरी अँडरसन यांनी दोन जोडीदारांसह गाडी आखली. इंजिन फोर्डचं. पहिल्याच शर्यतीत दोनपैकी एक गाडी चाचणीतच बाद! पण जूनमध्ये कॅनडात त्यांच्या गाड्या चौथ्या-पाचव्या आल्या. जुलैअखेर ती चाचणी माफ झाली आणि वर्षअखेरीस संघ चक्क पाचवा!

मग काय, पहिल्या चाचणीत गुण कमी पडले म्हणून रडत बसायचं?