झाशीवर गेलेली पलटण कुणाच्या पैशाची?



झाशीच्या राणीचा जयजयकार करायला आपण कधी कमी पडत नाही. घोडा, तलवार, पाठीशी बांधलेलं पोर! पण राणीवर जी फौज चालून गेली तिचा पगार कोणी भरला, हे विचारलंत कधी?

ऐका तर. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव नेवाळकर वारले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने १८५४ साली झाशी गिळली. १८४८ साली सातारा गिळला होता तशीच. राणीने आधी तलवार उपसली नाही. अर्जावर अर्ज केले, वकील दिला. न्याय मिळाला नाही.

त्याच १८५३ साली इकडे दुसरा कागद झाला. निजामाकडे ‘हैदराबाद कंटिंजंट’ फौजेचं देणं थकलं, म्हणून त्याने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपल्या शेजारचा धाराशिव मुलूख कंपनीला लावून दिला. रयतेला विचारलं? छे! बैलाचेसुद्धा दात बघून सौदा होतो. इथं माणसांना तेवढाही मान नव्हता. त्या मुलखाच्या वसुलातून फौजेचा खर्च भागे. आणि मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, तेव्हा त्याच्या सैन्यात हीच कंटिंजंट होती!

म्हणजे मराठी कुणब्याने घाम गाळून भरलेला सारा झाशीच्या तटावर तोफगोळा होऊन आदळला. दोष कुणब्याचा नव्हे. आपल्या पैशाचा जाब विचारायचा हक्कच त्याला नव्हता.

आणि भाषेच्या अभिमानाने देश फुटतो म्हणणाऱ्यांनो, झाशीकडे बघा. राणीच्या घरची बोली मराठी. तोफेवर गुलाम घौसखान, लढायला झलकारीबाई कोरी. कोण फुटलं? जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडली, ती काय एकट्या मराठी माणसासाठी?

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी गेली. १ मे १९६० रोजी मराठी राज्य आलं. जो हक्क त्या कुणब्याला नव्हता, तो आज तुमच्या हातात आहे. मग ग्रामसभेत गप्प का? आयाबायांनो, कारभार्‍याच्या मागे लपून अंगठा उठवू नका. कागद वाचून घ्या, पैसा कुठं गेला ते विचारा. राणीसुद्धा आधी कागदावरच लढली होती!

पुतळ्याला हार घालणं सोपं. जाब विचारा, मग जयजयकार करा!