मासा आजारी की पाणी आजारी?



बोईसर-तारापूरच्या कामगार वस्त्यांत आणि पालघरच्या चाळींत आता बऱ्याच घरी काचेची छोटी फिश टँक दिसते. मुलांचा हट्ट असतो, पगाराच्या दिवशी दोन गोल्डफिश आणि चार गप्पी घरात येतात. मग एखाद्या सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागतात आणि संध्याकाळपर्यंत उलटे तरंगतात.

अशा वेळी घरात काय होते? कुणी म्हणते नजर लागली. कुणी म्हणते घरावरचे संकट माशाने अंगावर घेतले. ही समजूत वास्तूच्या नावाने मासे विकणाऱ्यांच्या सोयीची आहे, कारण मेलेल्या माशाच्या जागी लगेच नवा मासा खपतो. कुठे 'तूच हात घातलास' म्हणून पोराला धपाटा बसतो. कुठे दुकानातून निळे औषध आणून ओतले जाते. कारण मात्र कोणी शोधत नाही. ते कसे शोधायचे, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

पहिला प्रश्न : सगळे मासे एकदम आजारी पडले की एकामागून एक? रोग पसरायला दिवस लागतात. आज एकाच्या अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, तीन-चार दिवसांनी दुसऱ्याच्या. तो परजीवीचा रोग, तिथे औषध उपयोगी पडते. पण काल संध्याकाळी धडधाकट असलेले सगळे मासे सकाळी एकदम धापा टाकत असतील, तर आधी पाण्यावर संशय घ्यावा.

दुसरा प्रश्न : धापा कोण टाकतो? फायटर आणि गुरामी हे मासे वरची हवा घेऊन जगू शकतात. गोल्डफिश तडफडतो आहे आणि फायटर मजेत आहे, असे दिसले तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. उन्हाळ्यात लाइट गेली, पंप बंद पडला आणि टँकमध्ये मासे दाटीने असले की हेच घडते. तांब्याने टँकमधलेच पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतत राहावे, जीव वाचतो. पण फायटरसकट सगळेच तडफडत असतील तर पाण्यात काहीतरी विषारी उतरले आहे.

तिसरा प्रश्न : गेल्या दोन दिवसांत काय बदलले? नळाचे पाणी थेट भरले काय? पावसाळ्यात टीसीएल पावडर जास्त पडते. त्यातले क्लोरिन आपल्याला रोगापासून वाचवते, पण माशाचे कल्ले जाळते. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मगच घालावे, तेही एका वेळी चौथा हिस्सा. फिल्टर नळाखाली घासून धुतला काय? माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात, आणि नव्या टँकमध्ये ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. उरलेले खाणे कुजूनही अमोनिया वाढतो. घरात डासांचा स्प्रे मारला, की गल्लीत फवारणी झाली? ही औषधे माशांना फार घातक असतात, आणि एअर पंप घरातली हवा पाण्यातच सोडतो.

आमच्या भागात चौथा प्रश्नही विचारावा लागतो : पाणी कुठल्या ड्रममधले? कारखान्यातून निघालेले निळे ड्रम स्वस्तात मिळतात आणि घरोघरी पाणी साठवायला वापरले जातात. काही रसायने प्लास्टिकमध्ये मुरतात, कितीही धुतले तरी हळूहळू पाण्यात उतरतात. नवा ड्रम आणला आणि त्याच आठवड्यात मासे मेले, तर ते पाणी स्वयंपाकाला आणि प्यायला ताबडतोब बंद करा. बाटलीभर पाणी बाजूला ठेवा आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन ते कुठे तपासून मिळेल ते विचारा. मात्र उलट हिशेब करू नका. मासे जिवंत आहेत म्हणून पाणी पिण्यालायक ठरत नाही, कॉलऱ्याच्या जंतूंनी मासा मरत नाही.

एकदम की एकामागून एक, हा प्रश्न घराबाहेरही कामी येतो. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत पहिले होते. खाडीतली मासळी संपत चालली तेव्हा मच्छीमार बांधवांनी नशिबाला दोष दिला नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादात गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना नुकसानभरपाई भरण्याचा आदेश दिला. तिथेही पाण्यात काय मिसळले, कोणी मिसळले, हे कागदावर दाखवावे लागले.

घरच्या टँकसाठीही एक वही करावी. पाणी कधी बदलले, किती खाणे घातले, फवारणी कधी झाली, लाइट किती वेळ गेली, हे तारखेसह लिहावे. हे काम मुलांकडे द्या. मासा मेला तर धपाट्याऐवजी त्यांच्याबरोबर बसून वहीची मागची दोन पाने वाचा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते, आणि उरलेले मासे वाचतात.