भूमिकेस साजेसा पोशाख

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी 'संगीत मानापमान'मधील दोन प्रवेश बसवायचे ठरले आणि पात्रनिवडीची सूचना फलकावर लागली. तीत वार होता, वेळ होती, 'आपल्या पसंतीचे एक नाट्यपद म्हणावे' असे होते, आणि सर्वांत खाली एक ओळ होती : 'इच्छुकांनी भूमिकेस साजेशा पोशाखात उपस्थित राहावे.' ज्यांनी ती लिहिली त्यांनी सहजच लिहिली असणार. आम्ही मुलींनी मात्र पुढचे चार दिवस त्या एका ओळीपायी घालवले. पद कोणते घ्यावे, काळी चारमध्ये म्हणावे की काळी पाचमध्ये, पेटीच्या साथीला कोण बसणार, हे बोलायचे राहून गेले. बोलणे झाले ते कोणाच्या घरी शालू आहे, कोणाच्या वहिनीची पैठणी अजून घडीत आहे, याचे.

माझ्या मायकडे दोन इरकली लुगडी आहेत. एक रानात जाताना नेसायचे आणि दुसरे गावाला जाताना. दुसरे मी हातात घेतले, उलगडले आणि परत ठेवले. भामिनी श्रीमंत बापाची लेक. तिला हे कसे साजेल, असे दुसऱ्या कोणी म्हणण्याआधी मीच मनात म्हणाले. मग गल्लीतल्या एका काकूंची जरीची नऊवारी मागून आणली. त्यांना दुसऱ्या दिवशी बारशाला ती नेसायची होती, म्हणून संध्याकाळच्या आत परत द्यायची होती. माय एवढेच म्हणाली, "लोकाचं नेसून जायलीस बाई, डाग पडला तर कुठून भरून देशील?"

त्या दिवशी मी मुखेडच्या एस.टी.त उभ्यानेच आले. बसायला जागा होती, पण सीट स्वच्छ नव्हती. लुगडे सुटेल या भीतीने कमरेला गाठ इतकी आवळली होती, की पोटभर श्वास घेता येईना. गाणाऱ्याला श्वास पोटातून घ्यावा लागतो हे संगीताच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. हातातल्या मागून आणलेल्या बांगड्या तबल्याच्या आधी वाजत होत्या. अंतऱ्यातली तान अर्ध्यावर तुटली, कशीबशी समेवर आले. एक कान सुरांकडे आणि एक डोळा पदराच्या काठाकडे असे गाणे कधी कोणाचे झाले आहे काय? पण मी दारातून आत येताच परीक्षकांपैकी कोणीतरी "वा, अगदी भामिनी!" असे म्हणाले होते. तोवर मी तोंडही उघडलेले नव्हते.

माझी निवड झाली. म्हणूनच हे लिहायला मला तोंड आहे. निवड झाली नसती तर कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असे म्हणून तुम्ही हे पान उलटले असते.

आमच्या वर्गात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला गळा असलेली एक मुलगी आहे. तिच्या वडिलांबरोबर ती लहानपणापासून भजनात उभी राहते. टाळ हातात धरून तिला लय समजलेली आहे. ती त्या दिवशी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी विचारले तर म्हणाली, पोटात दुखत होते. महिन्याभराने तिने खरे सांगितले. तिने मायचे लुगडेही उलगडून पाहिले नव्हते. सूचना वाचली आणि घरी गेली, इतकेच.

आता गंमत पहा. खाडिलकरांनी १९११ साली रंगभूमीवर आणलेले हे नाटक आहे तरी कशावर? धैर्यधर सेनापती आहे, पराक्रमी आहे, पण गरीब आहे, म्हणून भामिनी त्याचा अपमान करते. दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर मात्र प्रसंगी भित्रा ठरतो. पुढे भामिनीच साधी वस्त्रे नेसून वनमाला होते, आणि धैर्यधराचे प्रेम बसते ते त्या वनमालेवर. मायचे इरकली लुगडे वनमालेला शोभले असते, हे मला त्या दिवशी सुचले नाही. सुचले असते तरी धाडस झाले असते की नाही, कोण जाणे.

आमच्या एका सरांशी मी यावर वाद घातला. ते म्हणाले, संगीत नाटकात पोशाख हा अभिनयाचाच भाग आहे. बालगंधर्वांच्या भामिनीचे लोक नुसते गाणे ऐकायला जात नव्हते, त्यांचा पदर आणि त्यांची चाल पाहायलाही जात होते, आणि घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखे नेसू लागल्या होत्या. हे मला मान्य आहे. नऊवारी नेसल्यावर पाऊल वेगळे पडते, हे मी त्याच दिवशी अनुभवले. पण १९१९ साली 'एकच प्याला'त त्याच बालगंधर्वांनी सिंधूचे ठिगळांचे लुगडे नेसले आणि तिथेही प्रेक्षक जिंकले, हेही सरांनीच मला वर्गात शिकवले आहे. शिवाय हे भरजरी पोशाख नटाने आपल्या घरून आणलेले नव्हते. ते मंडळीचे होते. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीने पोशाखांवर पाण्यासारखा पैसा ओतला आणि मंडळी कर्जात बुडाली, पण ते कर्ज मंडळीचे. पेटारा कंपनीचा असतो. नटाने आणायचा तो गळा.

आणि आपल्याकडे शेवटी काय झाले? प्रयोगाचे सगळे पोशाख नांदेडहून भाड्याने आले. माझ्या अंगावर आला तो शालू काकूंच्या नऊवारीपेक्षा भारी होता आणि त्याचा रंगही वेगळा होता. मग निवडीच्या दिवशी आमच्या घरच्या ट्रंकांची झडती कशासाठी घेतली?

म्हणून सांस्कृतिक विभागाला माझी विनंती आहे, की यंदाच्या सूचनेतून ती ओळ काढावी. तिच्या जागी 'रोजच्या कपड्यांत यावे' असे स्पष्ट लिहावे. नुसती गाळली तर मुली गेल्या वर्षीचे आठवून पुन्हा शालू शोधत हिंडतील. विभागाच्या कपाटात एक साधी सुती नऊवारी, एक धोतर आणि एक उपरणे ठेवावे. ज्याची चाल पाहायची त्याला ते नेसवून पाहावी, सर्वांना तेच. आणि पद ऐकताना परीक्षकांनी शक्य तर डोळे मिटून ऐकावे. हे शेवटचे जरा आगाऊपणाचे वाटेल, पण मला भामिनी केले ते उघड्या डोळ्यांनीच.

मुलामुलींनाही अनुभवाने सांगते : कमरेला सैल असेल ते घाला. बांगड्या काढून ठेवा. कपडे धुतलेले असावेत, आणि मुख्य म्हणजे आपले असावेत.

काकूंची साडी मी त्या संध्याकाळी वेळेत परत केली. त्यांनी ती दिव्याखाली धरून दोन्ही काठ पाहिले, मग "कसं झालं ग गाणं?" म्हणून विचारले. यंदाची सूचना अजून लागलेली नाही. ती मैत्रीण मधल्या सुट्टीत मागच्या वर्गात पद घोकत असते. पेटी मिळत नाही म्हणून बाकावर बोटे फिरवते. कोणत्या भूमिकेसाठी, ते तिने अजून मलाही सांगितलेले नाही.