डबा बाहेर ठेवा

बासी ईदला घरातल्या सगळ्यांना घेऊन कुठेतरी जायचे, हा आमच्याकडचा जुना रिवाज. आमच्या लहानपणी नदीकाठ किंवा एखादा दर्गा पुरायचा. आता मुलांना थीम पार्क लागतो. गेल्या वर्षी आम्हीही गेलो. गाडीत नऊ माणसे, आणि डिकीत अम्मीची पिशवी. फजरनंतर उठून तिने चपात्या लाटल्या होत्या, सुका खिमा केला होता, अंडी उकडली होती. तिला वीस वर्षांपासून शुगर आहे. गोळी घेतली की ठरलेल्या वेळी ठरलेले खावे लागते.

गेटवर पिशवी उघडली गेली आणि डबा टेबलावर आला.

“आजी, डबा आत चालत नाही. इथं ठेवा, संध्याकाळी न्या.”

“बाळा, मला शुगर आहे. वेळेवर खावं लागतं.”

“आत सगळं मिळतं, आजी.”

पोरगा वाईट नव्हता. त्याच्या खुर्चीखाली त्याचा स्वतःचा स्टीलचा डबा होता, घरून आणलेला. बारा तास उभे राहण्याची नोकरी करणाऱ्याला आतले खाणे परवडत नाही, हे त्याच्या मालकालाही ठाऊक असणार. मी त्याच्याशी वाद घातला नाही. वाद ज्यांच्याशी घालायचा ते गेटवर कधी उभे नसतात.

आमच्या मागे एक मोठा ग्रुप होता. त्यांचे थेपले आणि खाकरे निघाले. त्यातले एक काका हसत म्हणाले, “अहो, काय बॉम्ब आहे का त्यात?” सगळे हसले, गार्डही हसला. माझा पंधरा वर्षांचा भाचा तेच वाक्य पुन्हा म्हणायला तोंड उघडत होता. मी त्याचा हात दाबला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो गप्प झाला. मला काही समजावून सांगावे लागले नाही. हा विनोद आपण करायचा नाही हे आमच्या मुलांना कोणी शिकवत नाही, ती शिकतात.

आत चिकनचा काउंटर होता. हलाल आहे का, विचारले. मुलगा म्हणाला, “विचारून सांगतो सर.” तो काही परत आला नाही. शेजारी जैन जेवणाची पाटी होती. त्या पाटीबद्दल माझी तक्रार नाही, उलट ती पाहून बरे वाटले. कोणाच्या ताटात काय चालत नाही याची कोणीतरी दखल घेतली होती. आम्ही नऊ जणांनी पावभाजी आणि बटाट्याचे तळलेले तुकडे खाल्ले. पाण्याच्या बाटल्या धरून बिल अडीच हजारांच्या आसपास झाले. शुगरवाल्या अम्मीनेही मैदा आणि बटाटाच खाल्ला. दुपारनंतर ती एका बाकावर डोळे मिटून बसून राहिली. संध्याकाळी डबा परत मिळाला तेव्हा खिम्याला वास सुटला होता. एवढा वेळ तो उन्हात होता.

या बंदीच्या समर्थनार्थ सांगितले जाणारे पहिले कारण म्हणजे स्वच्छता. पार्कातल्या कचऱ्याच्या डब्यात डोकावून पाहा. कागदी प्लेटा, सॉसची पाकिटे, प्लास्टिकचे ग्लास, सगळे त्यांच्याच काउंटरवरचे. चपाती-भाजीच्या डब्यातून कचरा निघत नाही, डबा घरी जातो. दुसरे कारण सुरक्षा. पण पिशवी तर उघडून पाहिलीच होती, डब्याचे झाकणही काढले होते. 2018 साली मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाणे नेऊ द्यावे की नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू होती, तेव्हा राज्य सरकारने हेच सुरक्षेचे कारण पुढे केले होते. विमानात घरचे खाणे चालते, मग थिएटरमध्ये कसला धोका, असा प्रश्न त्या वेळी न्यायालयानेच विचारला होता. गंमत म्हणजे त्याच्या काही दिवस आधी विधिमंडळात मंत्र्यांनी खाणे नेऊ देण्याची ग्वाही दिली होती.

तिसरे कारण मात्र खरे वजनदार आहे: जागा माझी, नियम माझे. 3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांच्या बाबतीत हे मान्य केले आणि जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाचा 2018 चा आदेश रद्द केला. कोणी जिलेबी आणली आणि चिकट बोटे खुर्चीला पुसली तर सफाईचा खर्च कोण देणार, असे तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड सुनावणीत म्हणाले. तंदुरी चिकन आणि मागे राहणाऱ्या हाडांचाही उल्लेख झाला. त्या निकालाचा मी आदर करतो. पण तो निकाल थिएटरचा आहे. सिनेमा तीन तासांचा. माणूस जेवून जाऊ शकतो, सुटल्यावर जेवू शकतो. थीम पार्कात सकाळी दहाला शिरलेले कुटुंब संध्याकाळी सहाला बाहेर पडते, आणि एकदा बाहेर पडलात की बहुतेक ठिकाणी तिकीट संपले. आठ तास माणसाला आत ठेवायचे आणि त्याच्या भुकेवर एकट्याने दुकान मांडायचे, याची तुलना पॉपकॉर्नशी होत नाही. आणि त्याच सुनावणीत पिण्याचे पाणी मोफत मिळते आणि तान्ह्या बाळाचे खाणे अडवले जात नाही, या दोन गोष्टीही नोंदल्या गेल्या. म्हणजे शरीराची गरज मालकीहक्कापुढेही काही मागू शकते, हे तत्त्व तिथे आहेच. सहा महिन्यांच्या बाळासाठी ते लागू असेल, तर गोळी घेतलेल्या सत्तर वर्षांच्या बाईसाठी का नाही?

हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही. शांघायमधल्या डिस्नेलँडने बाहेरचे खाणे बंद केले होते. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या याच कंपनीच्या पार्कांत मात्र लोक घरचे सँडविच घेऊन आरामात शिरत होते. 2019 च्या सुरुवातीला कायद्याच्या एका विद्यार्थिनीचा 46 युआनचा खाऊ गेटवर अडवला गेला आणि ती कोर्टात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समेट झाला. तिला 50 युआन मिळाले आणि नियम बदलला. गरम करावे लागणारे पदार्थ, आख्खे कलिंगड आणि उग्र वासाचा डुरियन नको, बाकी आणा. पार्क काही बुडाला नाही. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये आत डबा चालत नाही, पण गेटबाहेर डबा उघडून बसायला जागा करून दिलेली आहे. आपल्याकडे तेवढे तरी करा. उन्हातल्या टेबलाखाली डबे रचण्यापेक्षा ते बरे.

खाण्यातून कमावले नाही तर तिकीट वाढवावे लागेल, असे व्यवस्थापन म्हणेल. वाढवा. दारावरच्या पाटीवर लिहिलेला आकडा पाहून बाप ठरवेल, यायचे की नाही. आज जे चालते त्यात तिकिटाचा दुसरा हप्ता आत घेतला जातो, भूक लागल्यावर, मूल रडायला लागल्यावर. आणि तो सगळ्यांकडून सारखा वसूल होत नाही. ज्याला काहीही चालते तो एका वडापाववर भागवतो. ज्याचा उपवास आहे, ज्याला शुगर आहे, जो कांदा-लसूण खात नाही, जो हलालच खातो, तो एक तर उपाशी राहतो किंवा जे मिळेल ते जास्त पैसे देऊन खातो.

हलालबद्दल स्पष्टच बोलतो. पार्कात हलालची पाटी लावा अशी मागणी मी करणार नाही. मला हक्क नाही म्हणून नव्हे. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेशाने हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालावर बंदी घातली, आणि तेव्हापासून या शब्दाभोवती जो धुरळा उडतो त्यात एका काउंटरवरच्या पाटीचे काय होईल हे मला दिसते. डबा हा त्यावरचा सगळ्यात साधा उपाय आहे. डबा आणणारा कोणाकडे काहीच मागत नाही. ना वेगळी भट्टी, ना प्रमाणपत्र, ना पाटी. तो म्हणतो, माझी सोय मी केली आहे, तुम्ही फक्त आडवे येऊ नका. एवढेही नाकारायचे, आणि वर “यांना प्रत्येक ठिकाणी वेगळे काहीतरी हवे असते” असेही म्हणायचे, हे दोन्ही एका तोंडाने कसे चालेल?

आता थोडे घरच्यांना. कोणत्या बिस्किटात काय घातले आहे याचे मेसेज आपण रात्रभर फिरवतो, पण गेटवर डबा काढून घेतला की मान खाली घालून आत जातो. आणि हाडांचा तो उल्लेख वाचून मला टोचले, कारण तो अगदीच खोटा नाही. ईदनंतर सार्वजनिक बागेत आपण काय ठेवून येतो ते मी पाहिले आहे. इतरही ठेवतात, पण ते उत्तर नव्हे. डब्याचा हक्क मागायचा तर खरकटे घरी न्यायची पिशवी सोबत हवी.

शिदोरी सोडायची, एकमेकांच्या घरचे चाखायचे, काला करायचा, हे या मातीतले आहे. त्या दिवशी रांगेत थेपलेवाले काका आणि आम्ही आत एका झाडाखाली बसलो असतो तर अम्मीने त्यांना अंडे नक्कीच दिले नसते, पण चपाती दिली असती, आणि त्यांचा खाकरा तिने चाखला असता. त्याऐवजी दोन्ही कुटुंबे वेगवेगळ्या काउंटरवर, वेगवेगळ्या पाट्यांखाली उभी राहिली.

यंदा जाण्याआधी मी त्या पार्कला फोन केला. एक मुलगी बोलली, अगदी अदबीने.

“आत हलाल मिळतं का?”

“व्हेज आहे ना सर.”

“आईला शुगर आहे. तिचा एकटीचा डबा आणला तर?”

“डॉक्टरचं लेटर लागेल सर.”

“लेटर आणलं तर नक्की सोडाल?”

“ते गेटवर बघतील सर.”