येवल्याला जायचं, पण आडनाव लपवून नाही

गाव सोडून येवल्याला बिऱ्हाड हलवावं की नाही, याचा विचार आम्ही तीन महिन्यांपासून करतोय. या तीन महिन्यांत सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. एक रांग म्हणते, गाव सोडू नका, गाव सोडणं म्हणजे रण सोडणं. दुसरी म्हणते, गावात काय ठेवलंय, बाबासाहेबांनीच सांगितलंय ना, शहराकडे चला. दोन्ही रांगांतल्या मंडळींचा एक गुण सारखा आहे. त्यांना आमच्यासोबत ना गावात राहायचंय, ना येवल्यात भाड्याची खोली शोधायचीय.

आम्ही म्हणजे दोन भावांच्या दोन चुली, आई धरून नऊ माणसं. गाव येवला तालुक्याच्या पूर्व भागातलं. ज्यांना हा तालुका माहीत आहे त्यांना पूर्व भाग म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पश्चिमेला पालखेडचा कालवा, आमच्याकडे टँकर. दोन एकर गायरान वडिलांनी १९८४ साली दगड वेचून वहितीला आणलं. त्यात बाजरी होते, मका होते, पावसाने मनावर घेतलं तर लाल कांदाही होतो. सातबारा नाही. गाव नमुना १-ई मध्ये वडिलांचं नाव 'अतिक्रमणधारक' म्हणून आहे. चाळीस वर्षं घाम गाळून सरकारदरबारी मिळालेली ही पदवी!

थोरली मुलगी यंदा दहावी झाली. तिला विज्ञान शाखा घ्यायचीय आणि गावातून सकाळची एसटी कधी येते, कधी येत नाही. धाकटा भाऊ हंगामात येवल्याच्या मार्केटला हमालीला जातोच. धाकट्या भावजयीने पैठणीच्या मागावर बसायचं शिक्षण घेतलंय, साडीमागे मजुरीवर काम मिळेल असं एकाने कबूल केलंय. जायला कारणं एवढीच आहेत, आणि आमच्या मते ती पुरेशी आहेत.

आता पहिल्या रांगेकडे येऊ. या रांगेत सगळ्यात पुढे कोण उभं असतं? ज्यांची मुलं पुण्याला आयटीत आहेत आणि ज्यांना दिवाळीला गावच्या मातीचा वास येतो ते. कोरोनाच्या काळात यांनीच 'चला खेड्याकडे' म्हणून लेख लिहिले. यांच्या गावात ओढा असतो, चावडी असते, पाराखालच्या गप्पा असतात. आमच्या गावातही पार आहे. त्यावर आमचे आजोबा कधी बसले नाहीत, वडील बसले तेव्हा भांडण झालं, आम्ही बसतो तेव्हा बाकीचे एकेक करून उठतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं डबकं ठरवलं, तेव्हा अनेक सभासदांना ते झोंबलं होतं. आजही झोंबतं. पण झोंबणारे आजवर आमच्या वस्तीत पाण्याची लाइन घेऊन आले नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. आमच्याकडेही नवी पाटी लागली. पाटीच्या खाली हंड्यांची रांग जुनीच आहे, आणि त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आमच्या घरच्या बायकांना कुणी विचारलं नाही की गाव सोडणं हे तुम्हाला रण सोडणं वाटतं का. आम्ही विचारलं. भावजय म्हणाली, "रण असेल तर पुरुषांनी लढावं, मी पाणी भरतेय."

म्हणून ही रांग आम्ही निकालात काढली. दुसऱ्या रांगेशी भांडण मोठं आहे, कारण ती आपल्याच माणसांची आहे.

ही मंडळी म्हणतात, येवला म्हणजे काय साधंसुधं गाव आहे का? शेकडो वर्षांची पेठ. रेशीम, जर, पैठणी. तात्या टोपेंचं जन्मगाव. संक्रांतीला आसारी घेऊन अख्खं शहर गच्चीवर, पतंगाशिवाय दुसरं आभाळ नाही. आणि आपल्यासाठी तर मुक्तिभूमी! १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पाच वर्षं काळारामाच्या दारात डोकं आपटणं बस्स झालं, असं याच परिषदेत ठरलं. अशा शहरात राहायला जायचं आणि तुम्ही विचार कसला करता?

विचार याचा करतो की त्याच शहरात आम्ही खोली शोधायला गेलो होतो.

जुन्या पेठेतला एक वाडा. खाली दोन माग, वर दोन खोल्या, स्वतंत्र नळ. मालक बोलायला गोड. चहा झाला, डिपॉझिट ठरलं, मार्केटपासून किती लांब, कॉलेज किती लांब, सगळं झालं. मग, "आडनाव काय म्हणालात?" आम्ही सांगितलं. "गाव कोणतं?" सांगितलं. "गावात घर कुठल्या बाजूला?" आता एवढा भूगोल माणूस भाडेकरूला विचारतो तो काय वास्तुशास्त्रासाठी नव्हे. दोन दिवसांनी फोन आला, पुतण्या येतोय राहायला. पुतण्या अजून आलेला नाही, खोल्या बंद आहेत, कुलूप आम्ही येता-जाता बघतो.

यावर आपल्याच एका नातलगाने सल्ला दिला की, आडनाव कशाला खरं सांगता? गावाच्या नावाला 'कर' लावा, कोण विचारतंय? त्यांनी स्वतः वीस वर्षं तसंच काढलं. घरात बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत. १४ एप्रिलला दार लावून खीर. आम्ही त्यांना हसत नाही. ज्याच्या मुलांना घरमालकाने महिन्याभरात सामान बाहेर काढायला लावलंय, त्याने काय करावं हे बाहेरून सांगणं सोपं असतं. पण मुक्तिभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहायचं आणि दारावरच्या पाटीवर खोटं आडनाव लावायचं, हे आम्हाला जमणार नाही.

नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे कुठल्याही वस्तीत राहतं घर घेण्याला किंवा वापरण्याला अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणं हा गुन्हा आहे. संविधानाचं कलम १९ देशात कुठेही राहायचा हक्क देतं. पण पुतण्या येतोय, या वाक्यावर कुठलं कलम लावायचं? जात आता नाही म्हणत नाही, ती पुतण्याला बोलावते.

शहर आपोआप जात धुऊन काढतं, हा भाबडेपणा बाबासाहेबांचा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण आपल्याच लोकांनी विसरावं याचं नवल वाटतं. गिरणी म्हणजे यंत्र, वाफ, आधुनिक जग. त्या आधुनिक जगात विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे आणि शेजारच्याला विटाळ होई. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. म्हणजे माणूस कोकणातून, देशावरून निघून मुंबईला पोचला, पण धाग्यापर्यंत पोचला नाही. आमची भावजय येवल्यात मागावर बसेल तेव्हा ती धाग्यापर्यंत पोचलेली असेल, ही फार मोठी गोष्ट आहे, आम्ही ती कमी लेखत नाही. पण माग मालकाचा, रेशीम मालकाचं, दुकान मालकाचं, आणि साडीमागे मजुरी आपली. महिनोन् महिने विणलेल्या पैठणीवर विणणारीचं नाव नसतं.

मार्केटचंही तसंच. कृषी उत्पन्न बाजार समितीचं संचालक मंडळ कधी नीट वाचून बघा. १८ संचालक. सोसायटी गटातून ११, ग्रामपंचायत गटातून ४, व्यापारी २, हमाल-मापारी १. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून एक राखीव जागा, तीही ग्रामपंचायत गटात. सोसायटीत मत कुणाला? सभासदाला. सभासद कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. गायरान कसणारा कांदा पिकवतो, लिलावात नेतो, ट्रॅक्टरच्या रांगेत रात्र काढतो, पण तो बाजार ज्यांच्या हातात आहे त्यांना निवडायला त्याचा अंगठा चालत नाही. बाजारपेठेच्या गावात जातोय म्हणून हुरळून जायचं तर आधी हे बघायला हवं की त्या बाजारात आपण कुठे उभे असणार, ओट्यावर की ओट्याखाली. भाऊ आजही तिथे जातो, पाठीवर गोणी घेऊन. माथाडी कायदा १९६९ पासून आहे. नोंदणी झाली तर भविष्य निर्वाह निधी, सानुग्रह, सगळं आहे. हंगामी म्हणून नाव चढत नाही. येवल्यात कायम राहिला तर नोंदणीसाठी भांडता तरी येईल, हा आमच्या जाण्याच्या बाजूचा मुद्दा आहे. तो भावनेचा नाही, हिशेबाचा आहे.

आणि आता जे या दोन्ही रांगांनी कधी विचारलंच नाही ते. आम्ही गेलो तर गायरानाचं काय?

दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्यातले. काळारामाच्या सत्याग्रहाचे सेनानी. पुढे १९५९ ला आणि मग १९६४ ला त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, हजारोंनी तुरुंग भरले. देवळाच्या दारापासून जमिनीच्या बांधापर्यंतचा हा प्रवास समजून घेतल्याशिवाय 'शहराकडे चला' हे वाक्य उच्चारूच नये. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. वडिलांचं अतिक्रमण त्याआधीचं. अर्ज झाले, पंचनामे झाले, फाइल खाली गेली, वर गेली, परत खाली आली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गायरानं मोकळी करा म्हटलं आणि तेव्हापासून गावातला जो तो आम्हाला तो निकाल दाखवतो. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे, ते पान मात्र कुणी दाखवत नाही. आता समजा नऊच्या नऊ माणसं येवल्याला गेली. दोन पावसाळे जमीन पडीक. तलाठ्याच्या पीकपाहणीत 'पड'. मग वहिवाट कुणाची? सरपंचाला तिथे सौर प्रकल्प हवाय, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. आम्हाला 'जा बाबांनो, पोरीचं शिक्षण महत्त्वाचं' असं सगळ्यात कळकळीने कोण सांगतंय, हेही आमच्या लक्षात आलंय.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये जे मागितलं ते आम्ही पुन्हा वाचलं. अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती, त्यासाठी सरकारी पड जमीन, त्यासाठी वेगळं मंडळ. म्हणजे गाव सोडणं ही त्यांच्या डोक्यात एकेकट्या कुटुंबाने ट्रंक उचलून निघून जाण्याची गोष्ट नव्हती. जमीन मागून, एकत्र, हक्काने उठायचं. त्यातलं एकत्र उठणं आज शक्य नाही, पण जमीन हातची घालवून उठणं तरी कुठे सांगितलंय?

आईचा जायला विरोध आहे. ती म्हणते, तुमचा बाप त्या बांधावर गेला, मी खोलीत मरणार नाही. यावर आमच्यात दोन आठवडे बोलणं बंद होतं. शेवटी तिचंच म्हणणं आमच्या निर्णयाचा पाया झालं. एक चूल जाईल, एक राहील. भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं आणि थोरली मुलगी येवल्याला. बाकीचे गावात, जमिनीवर. यंदा बाजरी नाही तर निदान मठ तरी पेरायची, पण पीकपाहणीत 'पड' येऊ द्यायचं नाही. रेशनकार्ड विभागून घ्यायचं. मुलीच्या जातीच्या दाखल्याचं काम गावाकडूनच आत्ताच उरकायचं, कारण पुरावा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा लागतो आणि आजोबांची शाळेची नोंद गावातल्या शाळेत आहे. एकदा गाव सुटलं की हे हेलपाटे कोण मारणार? आपल्या कितीतरी पोरांची ॲडमिशन या एका कागदापायी अडकते.

हा निर्णय अर्धवट आहे, असं दोन्ही रांगा म्हणणार. खर्च दोन घरांचा होणार हे खरं. भावाभावांत अंतर पडेल ही भीतीही खरी. पण अख्खं जावं म्हणणाऱ्यांनी गायरानावर येऊन राहायची तयारी दाखवावी, आणि अख्खं राहावं म्हणणाऱ्यांनी सकाळची एसटी चालू करून द्यावी, मग आम्ही पुन्हा विचार करू.

खोली मिळाली. जुन्या पेठेत नाही, स्टेशनच्या बाजूला. एका निवृत्त शिक्षिकेची. त्यांनी आडनाव विचारलं, आम्ही सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढे विचारलं की मुलगी गणित कोणत्या माध्यमातून शिकली. भाडेकरार भावजयीच्या नावावर केलाय. पाटी गावातल्या पेंटरकडून रंगवून घेतली, आडनाव मोठ्या अक्षरात, निळ्यावर पांढरं. भाऊ रविवारी ती पोत्यात गुंडाळून एसटीने घेऊन जाणार आहे.

जय भीम.