दहा पौंडांचं घर

इंग्लंडमध्ये ससेक्सात ककमियर नदीकाठी आल्फ्रिस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चशेजारी गवताने शाकारलेलं एक लाकडी घर उभं आहे, आल्फ्रिस्टन क्लर्जी हाऊस. नॅशनल ट्रस्टची स्थापना १८९५ ची. या संस्थेने विकत घेतलेली पहिली इमारत हीच. साल १८९६, किंमत फक्त १० पौंड!

नाव पाद्र्यांचं असलं तरी चौदाव्या शतकात ते बांधलं बहुधा एका खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याने. दोन्ही टोकांना दुमजली खोल्या आणि मधे थेट छपरापर्यंत मोकळं दालन. आजच्या बिल्डरला वाटेल, केवढी जागा वाया! पण त्या काळी धुराडं नव्हतं. दालनात जमिनीवरच आग पेटायची आणि धूर छपरातून बाहेर पडायचा. वर माळा घातला असता तर घरची मंडळी गुदमरली असती. जमीन खडू कुटून केलेली आणि वर आंबट दुधाचा हात. शेणाने सारवलेल्या ओसरीवर खेळलेल्या माणसाला ही युक्ती लगेच पटते.

एकोणिसाव्या शतकात घराची दशा झाली आणि ते पाडायचं घाटत होतं. गावच्या धर्मगुरूंनी चिकाटीने दारं ठोठावली, ट्रस्टच्या ऑक्टेव्हिया हिलने पैसे जमवले, आणि आल्फ्रेड पॉवेल या वास्तुविशारदाने घर दुरुस्त केलं. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेल्या संस्थेच्या विचारांचा हा माणूस. त्यांचं म्हणणं साधं होतं: डागडुजी करा, जुन्याचं नवंकोरं करू नका.

आमच्या धंद्यात नेमकं उलट चालतं. जुना कोड दिसला की हात शिवशिवतात, "फेकून द्या, नव्याने लिहू!" मीही एकदा एक विचित्र अट निरुपयोगी समजून उडवली होती. ती कशासाठी होती, ते महिनाअखेरीला पगाराचे आकडे चुकले तेव्हा कळलं. ती अट म्हणजे माझं बिनमाळ्याचं दालन होतं.

सगळंच जुनं जपा असं मी म्हणत नाही. कुजलेला वासा बदलायलाच हवा. दुरुस्ती स्वस्तही नसते; या घराला १० पौंडांच्या कित्येक पट खर्च आला, आणि गवताचं छप्पर आजही ठराविक वर्षांनी नव्याने शाकारावं लागतं. पण पाडण्याआधी, हे असं का बांधलंय एवढं तरी विचारावं. मी आता डिलीटचं बटण दाबण्याआधी विचारतो. उत्तर मिळेपर्यंत थांबतोही. बहुतेक वेळा!